बर्फाच्या फावड्याची गुढी

बॉस्टन
रविवार, 6 एप्रिल 2025 (रामनवमी)

प्रिय दोस्ता,

पाडव्याला तुझा फोन आला तेव्हा घरात इतका गोंधळ चालला होता की मी धड बोललोच नाही. तू विचारलंस, "अरे, सांगलीच्या माणसाचा पोरगा आणि बेसबॉल? क्रिकेटची बॅट का देत नाहीस त्याच्या हातात?" आणि मी "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवला. आज हिची दवाखान्यात बारा तासांची पाळी आहे, धाकटी झोपलीय, थोरला चित्रं काढत बसलाय. तेव्हा सविस्तरच लिहितो.

त्यासाठी आधी इथला हिवाळा सांगायला हवा. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. मुलं शाळेतून, पाळणाघरातून घरी येतात ती अंधारातच. बाहेर पंधरा मिनिटं खेळायचं तर कपडे चढवायला पंचवीस. आधी आतले गरम कपडे, मग स्वेटर, स्नोपँट, बूट, जॅकेट, टोपी. हातमोजे अगदी शेवटी, कारण ते एकदा चढवले की पोरांना स्वतःची चेनसुद्धा ओढता येत नाही. आणि सगळं झालं की धाकटी दारात उभी राहून म्हणते, "बाबा, शू." जानेवारीत दोघांना आलटून पालटून ताप. एक शाळेत गेला की दुसरी घरी. माझी रजा संपली, हिची संपली, आणि आम्ही दोघं एकमेकांशी फक्त औषधाच्या वेळांबद्दल बोलायला लागलो.

अशाच एका रविवारी थोरल्यानं मोज्यांचा गोळा करून चेंडू केला आणि लाटण्यानं मारला. तो थेट देव्हाऱ्यावर. समई आडवी, तेल सांडलं, वात विझली. मी त्याच्यावर जे ओरडलो, ते तुला लिहायलाही नको वाटतं. तो रडला नाही. मोजे उलगडून, जोडी लावून कपाटात ठेवून आला. सहा वर्षांचं पोर रे! आपण दोघं वाड्याच्या अंगणात दिवसभर चेंडू आपटत होतो, किती कौलं फोडली, पण कुणी आपल्याला घरात कोंडून घातलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, मी त्याची शाळा बुडवली आणि त्याला फेनवे पार्कला, इथल्या बेसबॉलच्या मैदानावर, घेऊन गेलो. सामना बघायला नव्हे, ट्रक बघायला. दरवर्षी हिवाळा ऐन भरात असताना रेड सॉक्स या बॉस्टनच्या बेसबॉल संघाचं सामान एका लांबलचक ट्रकमध्ये भरून फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला पाठवतात. तिथे ऊन असतं, संघ तिथे सराव करतो. चेंडू, बॅटी, झालंच तर च्युइंगमचे आणि सूर्यफुलाच्या बियांचे खोके. आणि नुसता तो ट्रक निघताना बघायला लोक थंडीत उभे राहतात! आजोबा नातवंडांना घेऊन आलेले. आषाढी वारीचं प्रस्थान असतं ना, तसं काहीसं मला वाटलं. ट्रक हलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरला माझ्या खांद्यावर होता. त्यानं विचारलं, "आता उन्हाळा येणार?" मी म्हटलं, "हो, हा ट्रक आणायलाच चाललाय."

परत येताना त्याला ग्लव्ह घेतला, चेंडू झेलायचा चामडी हातमोजा. नवा ग्लव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो, मिटतच नाही. त्याला तेल चोळायचं, आत चेंडू ठेवून दोरीनं बांधायचं आणि रात्री गादीखाली ठेवायचा. मला एकदम आपली बॅट आठवली. जवसाचं तेल पाजून तू ती तुमच्या माडीवर आडवी ठेवायचास आणि रोज सकाळी वास घेऊन बघायचास. इथे महिनाभर आमच्या गादीखाली तो ग्लव्ह होता. ही म्हणायची, पाठीत टोचतोय. पण काढू नाही दिला तिनंही.

तू म्हणशील, तरीही बेसबॉलच का? फेनवे पार्क पाहिलंस तर तुला कळेल. 1912 सालचं मैदान, शहराच्या दाटीत, रस्त्यांच्या मध्ये कोंबून बसवलेलं. डावीकडे जागाच नाही. मग तिथे भिंत उभी केली. 37 फूट उंच, हिरवी. फलंदाजापासून जेमतेम 310 फुटांवर. दुसऱ्या मैदानात जो फटका सहज बाहेर गेला असता, तो इथे भिंतीवर आपटून परत येतो, आणि जो साधा झेल झाला असता तो भिंतीला लागतो. अरे, हे आपलंच की! भिंतीला लागला तर दोन, कुलकर्ण्यांच्या कौलावर गेला तर आऊट. गल्लीत जागा असेल तसा खेळ. गेल्या सप्टेंबरात आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो, भिंतीवर चेंडूचा "ठप्प" आवाज ऐकला आणि अकरा वर्षांत प्रथमच मला या गावात परकं वाटलं नाही. हे हिलाही मी अजून नीट सांगितलेलं नाही.

आता घरात रेडिओ असतो. माझे वडील बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकत दाढी करायचे, तसा मी सामना ऐकत भांडी घासतो. हंगाम 27 मार्चला सुरू झाला आणि थोरल्याचा लाडका फलंदाज डेव्हर्स पहिल्या पाच सामन्यांत एकही यशस्वी फटका मारू शकला नाही. 19 वेळा प्रयत्न, त्यातले 15 स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. पोरगा रोज सकाळी दात घासायच्या आधी विचारायचा, "मारला का?" नाही रे राजा. बुधवारी संध्याकाळी तो टबात होता, केसांना साबण, आणि रेडिओवर डेव्हर्सचा डबल, एका फटक्यात थेट दुसरा बेस! तो तसाच उठून उभा राहिला. धाकटीला काय झालं ते कळलं नाही, पण तीही टाळ्या पिटत होती. बाथरूमभर पाणी. मी ओरडलो नाही.

पाडव्याची गुढी कशी उभारली सांगू? काठी मिळेना. शेवटी बर्फ ओढायच्या फावड्याचं पातं काढलं आणि नुसता दांडा घेतला. त्याला हिची जरीची साडी, साखरेची गाठी, वर तांब्या. गाठी आणि कडुनिंब इथल्या भारतीय दुकानात मिळाला. धाकटीनं कडुनिंब थुंकला आणि गाठीची दोन पदकं खाल्ली. फावड्याला अजून पातं लावलेलं नाही. एप्रिलात कधीकधी बर्फ पडतो इथे, पण नाही लावणार.

काल थोरल्याचा पहिला सराव होता. बर्फ वितळला तरी मैदानात पाय रुततात, म्हणून शाळेच्या जिममध्येच झाला. या वयात त्यांना चेंडू टाकत नाहीत. एका रबरी खुंटावर ठेवतात, मुलानं तो मारायचा आणि पळायचं. कोण जिंकलं हे मोजत नाहीत. आमच्याचा नंबर आला. चांगला सणसणीत मारला, आणि बॅट हातात घेऊनच पळत सुटला! "बॅट टाक, बॅट टाक," कोच सांगतायत, आणि हा पहिल्या बेसजवळ पोचून बॅट जमिनीला टेकवतोय. क्रीझमध्ये टेकवतात तशी, वाकून, हात लांब करून. गेल्या उन्हाळ्यात पार्किंगमध्ये मीच त्याला ते शिकवलं होतं.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की बॅट त्याच्या हातात आहेच.

जुलैत आम्ही चौघं येतोय, तिकिटं काढली. तो ग्लव्ह घेऊन येणार, हे आत्ताच ठरलंय. आपली ती बॅट अजून माळ्यावर आहे का? असली तर काढून ठेव आणि तेल पाज. पावसात अंगण निसरडं असेल, पण वाड्याची ओसरी चालेल. काकूंना नमस्कार सांग. वहिनींना विचारलंय म्हणून सांग आणि तुझ्या लेकीला पापा.

तुझाच,
जुना पार्टनर