मनू, चिन्यानं हातानं थोपटलं की सोडायचं

मनू बाळा,

दोन दिवस झाले तू नीट बोलत नाहीयेस आणि समोर बसलं की मला पण शब्द सुचत नाहीत, म्हणून अंधेरीहून घरी येताना ट्रेनमध्येच टाइप करतोय, चुका झाल्या तर समजून घे. मी ओरडलो ते तू व्हिडिओ बघून हे जिउ-जित्सू, जमिनीवरच्या झटापटीचे डाव, शिकतेस म्हणून नाही गं. दार उघडलं तर मोबाइल पिंपाला टेकवलेला, व्हिडिओ चालू, तू चिन्याच्या पाठीवर, पाय त्याच्या कमरेला, हात गळ्याभोवती, त्याचं तोंड लालबुंद, तो तुझ्या कोपरावर थापा मारतोय आणि तुझं लक्ष मोबाइलात, की तो माणूस दुसरा हात कुठे ठेवतो. माझ्या काळजाचं पाणी झालं.

त्या चोकमध्ये, म्हणजे गळा आवळायच्या डावात, श्वासाचा प्रश्नच नसतो बाळा, मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबतात, मेंदूला रक्त पोचत नाही आणि नीट बसला तर दहा-बारा सेकंदांत माणूस बेशुद्ध. दुखत पण नाही फारसं, म्हणून समोरच्याला वाटतं अजून थोडं चालेल. व्हिडिओतला माणूस टॅप टॅप सांगतो, म्हणजे हातानं थापटलं की लगेच सोडायचं, पण तुमच्या खोलीत बघायला कोण होतं?

काल रात्री तू झोपल्यावर ते सगळे व्हिडिओ मी बघितले, दोन वाजले. आम्ही गावच्या तालमीत वाढलो, पाठ मातीला लागली की संपलं, चितपट. त्यामुळे तू पाठीवर पडून शिकतेस ते बघून आधी कसंतरीच झालं, पण मग कळलं की मुलीवर कोणी चालून आला तर तो वरच बसणार, आणि तिथूनच सुटायला शिकायचं तर हे जिउ-जित्सू बरोबर आहे. त्याचा हात छातीशी धरायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायानं अडकवायचा, कंबर जोरात उचलून खांद्यावरून पलटी. कंबर उचलायची, हातानं ढकलत बसायचं नाही, हे मी चार वेळा मागे घेऊन बघितलं.

पण वजन व्हिडिओत दिसत नाही. चिन्या बत्तीस किलोचा, तो सहज पलटतो आणि तुला वाटतं जमलं. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनला गेले, मातीतला माणूस गादीवर खेळला, सहावा आला, पुढची चार वर्षं मेहनत करून 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ, तेही 57 किलोच्या गटात. छोट्या चणीचा माणूस डावावर जिंकतो हे खरंच आहे, पण डाव अंगात मुरतो तो समोर झुंजणारा माणूस असला तरच.

आणि ते टाच पिळायचं, हील हूक, ते घरी अजिबात नको. त्यात आधी गुडघ्याची लिगामेंट जाते आणि दुखतं नंतर, टॅप करायला वेळच मिळत नाही.

त्या दिवशी स्कायवॉकवर ज्यानं तुझं मनगट धरलं त्याची आठवण आली की अजून माझी मूठ आवळते. तसं परत झालं तर खाली झोपून चोक लावत बसू नकोस, खाली लादी असते, पायऱ्या असतात, त्याचा जोडीदार पण असू शकतो. सुटायचं, उठायचं, ओरडत गर्दीकडे पळायचं.

दादरला एक क्लास बघून आलोय, मॅट आहे, शिकवायला बाई आहेत, मुली पण बऱ्याच होत्या. फीचं मी बघतो. तोपर्यंत रविवारी माझी सुट्टी आहे, पलंगावरची गादी खाली टाकू आणि वर मी बसेन, माझं ब्याऐंशी किलो पलटून दाखव. चिन्याला सांगितलंय, हात जिथे पोचेल तिथे थाप मारायची आणि हात अडकला असेल तर तोंडानं टॅप म्हणून ओरडायचं.

– पप्पा