चावतो म्हणून सोडू नका

चावरा कुत्रा लांब नेऊन सोडावा, असा सल्ला देणारे वाचकपत्र वाचले. अजिबात पटले नाही. पाळलेले जनावर असे सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. शिवाय पुढचा चावा दुसऱ्याच्या लेकराला बसतो, त्याचे काय?

होटगी रस्त्यावरून जखमी अवस्थेत आणलेला आमचा कुत्रा मलाही चावला आहे, मागून पट्ट्याला हात लावला तेव्हा. आधी त्याचे कान मागे जातात, अंग ताठरते, मग गुरगुर. त्या गुरगुरण्यावर मार दिला, तर कुत्रा इशारा देणेच सोडतो आणि थेट चावतो. आम्ही पाहुणे आले की मुसके घालतो. चावलाच, तर लस दिलेला कुत्रा असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

– एक वाचक, जुळे सोलापूर