कॅपखालचा स्क्रू कोणाचा?

महोदय,

पुण्यात दाताचे इम्प्लांट बसवून घेणाऱ्यांना हाडातल्या इम्प्लांटची कंपनी ठाऊक असते. पण वरचे अबटमेंट, म्हणजे इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा भाग, आणि ते धरणारा बारीक स्क्रू कोणाचा, हे क्वचितच कोणी विचारतो. माझ्या आईची कॅप सारखी सैल व्हायची. दुसऱ्या डॉक्टरांनी स्क्रू काढून भिंगाखाली दाखवला: आटे एका बाजूने घासलेले. एक्स-रेत अबटमेंट आणि इम्प्लांटमध्ये काळी रेघ. ‘चालतो’ म्हणून दुसऱ्याच कंपनीचा भाग बसवला होता!

अनेक कंपन्यांचा आतला सांधा वेगवेगळा, कुठे षटकोनी, कुठे शंकूसारखा. डोळ्यांना न दिसणारी फटही जंतूंना पुरते. हिरडी सुजते, हाड झिजते. स्क्रू आतच तुटला, तर हाडात घट्ट बसलेले इम्प्लांटही कधी काढावे लागते. थोड्या बचतीपायी हे रुग्णाने का सोसावे?

इम्प्लांटच्या वेष्टनावर लॉट क्रमांकाचे, म्हणजे ते कोणत्या खेपेत बनले याच्या क्रमांकाचे, स्टिकर असते. ते, आणि अबटमेंट व स्क्रूचा तपशील, रुग्णाच्या कार्डावर लावून द्यायला कितीसा वेळ लागतो? कॅप बनवणाऱ्या लॅबला दिलेल्या चिठ्ठीतही मूळ कंपनीचेच भाग वापरावेत, असे स्पष्ट लिहावे. शहरातील दंतवैद्यांच्या संघटनांनी ही पद्धत सर्व दवाखान्यांत सुरू करावी, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे