भाजलेल्या रुग्णाला पेजेवर ठेवू नका

महोदय,

भाजलेला रुग्ण घरी आला की वरण बंद, अंडी बंद, आंबट बंद असे पथ्य आजही अनेक घरांत सुरू होते. डाळीने जखमेत पू होतो, ही त्यामागची समजूत. पू जंतुसंसर्गाने होतो. डाळ-अंडी तोडली की जखम भरून आणणारी प्रथिनेच तुटतात. उघड्या जखमेतून पाझरणाऱ्या लसीबरोबर प्रथिने, जस्त आणि तांबे सतत वाहून जात असतात. त्यातच मोठ्या भाजण्यात शरीराचा ऊर्जाखर्च दीडपट, कधी दुपटीच्या जवळ जातो. बाहेरून मिळाले नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाते. मग त्वचारोपण धरत नाही आणि व्यायामासाठी हातही उचलवत नाही.

गरज किती, याचा एक जुना ढोबळ हिशोब आहे : वजनाच्या प्रत्येक किलोला २५ कॅलरी, अधिक भाजलेल्या प्रत्येक टक्क्याला ४०. म्हणजे ५० किलोच्या, ३० टक्के भाजलेल्या प्रौढाला दिवसाला सुमारे २,४५० कॅलरी आणि ७५ ते १०० ग्रॅम प्रथिने. पेज, साबुदाणा, मोसंबीचा रस, शहाळे यांतून हे निम्मेही भरत नाही. एक लिटर दूध, चार अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, मूठ-दीड मूठ शेंगदाणे, चार पोळ्या, दोन केळी, वर तूप-गूळ असे दिले की आकडा जवळपास गाठता येतो. अंडी चालत नसतील तर पनीर किंवा सोयाबीनची वडी द्यावी. एकदम ताट भरून वाढू नये. दर दोन तासांनी थोडे थोडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे. लहान मुलांचा हिशोबही वेगळा असतो.

तोंड भाजलेल्या किंवा धूर छातीत गेलेल्या रुग्णाला बळेच भरवू नये, घास श्वासनलिकेत जातो. नाकातून नळी घालायची म्हटली की नातेवाईक घाबरतात, पण नळी ही शेवटची पायरी नाही. मोठ्या भाजण्यात ती पहिल्या १२ तासांतच सुरू करायची असते.

सगळ्यात जास्त खाणे बुडते ते उपाशी ठेवण्यात. ड्रेसिंगसाठी भूल द्यायची म्हणून आदल्या रात्रीपासून पोट रिकामे, दुपारी नंबर आणि कधी तोही पुढे ढकललेला. हलक्या घन आहारासाठी सहा तास आणि पाणी किंवा गाळलेल्या सरबतासाठी दोन तास साधारणपणे पुरतात. जळीत कक्षांनी शस्त्रक्रियेची यादी वेळेसह लावावी आणि बुडालेला आहार त्याच दिवशी भरून द्यावा. सूज उतरल्यावर दर आठवड्याला वजन करून ते केसपेपरवर लिहावे. मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट झाली तर आहार तातडीने बदलायला हवा.

वाढदिवसांना सरकारी रुग्णालयांत फळवाटप करणाऱ्या मंडळांना एक विनंती. जळीत कक्षात फळांबरोबर आहारतज्ज्ञांना विचारून उकडलेली अंडी, दूध पावडर, शेंगदाण्याची चिक्की द्या. घरी सोडल्यावरही हा आहार अनेक महिने लागतो, आणि गरीब घरांत तो तिथेच थांबतो.

– जळीत कक्षातील आहारतज्ज्ञ व परिचारिका