किटली गणपतीला येताना आण

चि. मनू हिला अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "मी काय, नुसती प्रॉपर्टीला होते, विंगेतून वस्तू द्यायला" म्हणालीस आणि विषय बदललास. म्हणून लिहितोय. पत्राला "हो हो, ठेवते" म्हणता येत नाही.

परवा कॉलेजांच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत तुमचा प्रयोग बघायला भरत नाट्य मंदिरात मी अगदी कडेच्या खुर्चीवर बसलो होतो. तिथून समोरच्या विंगेतलं थोडंफार दिसतं. तिसऱ्या प्रवेशात तुमच्या हिरोने पान-दीड पान गाळलं. बाकी कुणाला कळलं नसेल. मला कळलं, कारण मे महिन्यात तू ती संहिता घरभर मोठ्याने वाचत फिरायचीस. तेव्हा मावशीची भूमिका तुझी होती. तर, चहावाल्या पोऱ्याची एण्ट्री एकदम अंगावर आली. त्याने नजर रंगमंचावर ठेवूनच हात मागे केला आणि काळ्या बाहीतल्या एका हाताने त्यात किटली दिली. किटलीतून वाफ येत होती! थर्मासमधलं पाणी तू आधीच ओतून ठेवलं होतंस की त्या दोन सेकंदांत ओतलंस, ते तूच जाणे. तासाभराच्या एकांकिकेत मला माझी मुलगी एवढीच दिसली, मनगटापर्यंत.

नंतर बाहेर चहाच्या गाडीपाशी तुमचा हिरो सगळ्यांना सांगत होता, "किटली लवकर आली, म्हणून लिंक तुटली." तू ऐकलंस. खिळ्यांचा डबा उचलून टेम्पोकडे गेलीस.

आता माझं ऐक. 1996 साली याच रंगमंचावर मुख्य भूमिका माझी होती. तेव्हा पार्श्वसंगीत कॅसेटवर असायचं. मी एक अख्खा उतारा खाल्ला. आमच्या संगीतवाल्याने हेडफोन कानाला दाबून टेप पुढे पळवली, जागा शोधली, आणि सनईचा तुकडा जरासा उशिरा आला. बाहेर येऊन मी म्हणालो, संगीत चुकलं. सगळ्यांनी मान डोलावली. हिरो म्हणतोय म्हटल्यावर कोण बोलणार? पुढच्या वर्षी तो तालमीला आलाच नाही. मला अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. बाहेरच्या खोलीत फ्रेममध्ये आहे ते. लहानपणी त्याच्याकडे बोट दाखवून तू पाहुण्यांना "बाबा जिंकले होते" सांगायचीस, तेही मी कधी दुरुस्त केलं नाही. मध्यंतरी तो संगीतवाला साताऱ्यात एका लग्नात भेटला. आम्ही अर्धा तास जागांच्या भावावर बोललो.

तुमची एकांकिका अंतिम फेरीत गेली नाही, म्हणून निकालाला काही अर्थ नसतो, असलं मी तुला सांगणार नाही. तीन महिने रात्री अकरापर्यंत तालमी केल्यावर वाईट वाटलंच पाहिजे. पण पुरुषोत्तमला 51 संघांतून 9 अंतिम फेरीत जातात. 42 जणांनी सामान टेम्पोत भरायचं, हे 1963 पासून थोड्याफार फरकाने असंच चालत आलंय. 2022 साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! मीही तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, पोरांना 'छान छान' म्हणून घरी पाठवण्यापेक्षा ते बरं. आणि ज्यांच्या नावाचा हा करंडक आहे ते आप्पासाहेब वझे ही स्पर्धा भरवणाऱ्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेचं काम वाहणारे होते. सतरंज्या उचलण्यापासूनची कामं असतात गं संस्थेत. तुझ्या 'नुसती प्रॉपर्टी'ला हे उत्तर समज.

मात्र तू गप्प राहिलीस त्याचं कौतुक करायला मी पेन उचललेलं नाही. चारचौघांत बोलली नाहीस, ठीक. पण त्या मुलाला एकट्याला गाठ आणि सांग, "पान तू गाळलंस, किटली वेळेवर होती." भांडू नकोस, माफीही मागायला लावू नकोस. नुसतं सांग. तुझ्यापेक्षा त्याला त्याची गरज जास्त आहे. मला तेव्हा कुणीच सांगितलं नाही आणि ती फ्रेम मी अजून पुसतोय.

संगीतवाल्याचा नंबर मिळवलाय. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत ठेवला. रविवारी परत लावतो.

किटली गणपतीला येताना आण, गौरीच्या जेवणाला आईला लागते. किटलीला पोचा आलाय हे तू सांगितलं नाहीस. मी पाहिलाय. आईला मीही बोललेलो नाही.

तुझे
बाबा