ऊसतोड मजुराच्या अंत्यविधीची जबाबदारी निश्चित करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीनंतर पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतील कर्ती माणसे सांगली-कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या उसाच्या फडांत तोडणीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच परततात. त्यांची मजुरी, उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) आणि मुलांच्या शाळा यांविषयी अधूनमधून छापून येते. हंगामात फडावर मरण पावलेल्या मजुराच्या मृतदेहाचे पुढे काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

ट्रॉली उलटली किंवा पाचटात साप चावला, तर पंचनामा आणि शवविच्छेदन होऊन मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात दिला जातो, आणि शासनाचे काम तेथेच संपते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मृतदेह नेत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार मजूर पुरवणाऱ्या मुकादमाशी. मुकादम कारखान्याकडे बोट दाखवतो. आणि गावाच्या लेखी मयत परगावचा असतो. तीनशे-चारशे किलोमीटरचे गाडीभाडे शेवटी टोळीच्या वर्गणीतून निघते किंवा मुकादम ते देऊन मयताच्या उचलीत मांडतो. म्हणजे माणूस गेल्यावरही त्याचे कर्ज वाढते आणि ते फेडायला त्याची बायको पुढच्या हंगामात पुन्हा फडावर जाते.

पैसे जमले नाहीत तर अंत्यविधी तेथेच उरकावा लागतो. दहन एक वेळ होऊन जाते. पण लिंगायत, मुस्लिम आणि काही भटक्या जमातींत दफनाची रीत आहे आणि अनोळखी गावात दफनासाठी जागा मागायची कोणाकडे, हा प्रश्न उभा राहतो. कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) दगावलेले तान्हे मूल तर अनेकदा बांधाच्या कडेलाच पुरले जाते. त्याच्या जन्माची नोंद नसते, मृत्यूचीही नसते.

स्मशानभूमी व दफनभूमी राखणे आणि बेवारस प्रेतांची विल्हेवाट लावणे ही कामे ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीकडे दिलेली आहेत. मृतदेहालाही सन्मानाची वागणूक मिळाली पाहिजे आणि बेघर मृताला त्याच्या धर्मरीतीप्रमाणे अंत्यसंस्कार मिळाले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ आणि २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. ऊसतोड मजूर मात्र यातून निसटतो, कारण तो बेवारस नसतो. वारस उशाशी बसलेला असतो, फक्त त्याच्या खिशात पैसे नसतात.

मी अनेक वर्षे ग्रामसेवक म्हणून मृत्यूची नोंदवही भरली असल्याने एक बाब जरा सविस्तर लिहितो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथेच होते. मृतदेह गावी आणून अंत्यविधी झाला तरी आम्हाला ती नोंद घेता येत नसे आणि तिकडे ती करायला मागे कोणी थांबलेले नसे. ओळखीने ‘राहत्या घरी मृत्यू’ अशी नोंद करून घेणारेही भेटतात. मग अपघात विम्याच्या दाव्यात तीच नोंद आडवी येते. वारसनोंद असो की निराधार योजना, सगळीकडे आधी मृत्यूचा दाखला लागतो.

याच अधिनियमात मळ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. चहा, कॉफी, रबर अशा पिकांच्या किमान चार हेक्टरच्या मळ्यात मृत्यू झाल्यास त्याची खबर देण्याची जबाबदारी मळ्याच्या अधीक्षकावर आहे, आणि यात आणखी पिके अधिसूचनेने जोडण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. त्यात ऊस जोडावा. आपल्याकडचे फड अनेकदा चार हेक्टरांहून लहान असतात, म्हणून कारखान्याच्या गटकार्यालयावरही हेच काम आदेशाने सोपवावे.

खर्चाची सबब सांगता येणार नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढाच वाटा शासनाने घालायचा, असे ठरलेले आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या एकाच कारखान्यामागे हा निधी एक कोटी होतो. शववाहिकेचे भाडे, दहन-दफनाचा खर्च आणि सोबत जाणाऱ्या नातेवाइकांचा प्रवास यातून सहज भागेल. त्यातला एकही रुपया उचलीत मांडला जाऊ नये आणि अंत्यविधीच्या दिवसांचा खाडाही धरू नये, एवढे मात्र लेखी हवे. साखर आयुक्तालयाने गाळप परवान्यातच ही अट घालून गटकार्यालयातील जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव व दूरध्वनी टोळ्यांना कळवण्याचे बंधन घालावे.

कर्नाटकात गेलेल्यांसाठी दोन्ही राज्यांचा स्वतंत्र करार लागेल. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्याने प्राणघातक अपघाताची खबर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना देण्याचे बंधन ठेकेदारावर घातले होते. बीडहून कोल्हापूरला गेलेल्या मजुरासाठी त्या कायद्यात काहीच नव्हते. पुढील हंगामाचे परवाने निघण्यापूर्वी सहकार, सामाजिक न्याय आणि ग्रामविकास या तिन्ही खात्यांनी याबाबत एकत्रित आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक, जि. बीड