अर्धकच्चे कंपोस्ट ‘पूर्ण कुजलेले’ म्हणून विकल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: मैलागाळ (सांडपाणी शुद्ध करताना उरणारा गाळ) व बागेतील काडीकचऱ्यापासून बनवलेल्या कंपोस्टमुळे द्राक्षरोपांचे झालेले नुकसान

महोदय,

तुमच्या नाशिक डेपोतून घेतलेले कंपोस्ट मी दिंडोरी तालुक्यातील माझ्या शेतात डॉगरिज या द्राक्षखुंटाच्या नव्या रोपांच्या खड्ड्यांत टाकले. पोत्यावर ‘पूर्ण कुजलेले’ असे छापले होते. पोते उघडताच अमोनियाचा भपकारा आला आणि आत हात घातला तर खत गरम. ‘ही जिवंत खताची खूण आहे,’ असे तुमच्या प्रतिनिधीने सांगितले. पुढे रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. उपटून पाहिले तर पांढरी मुळी काळी पडलेली.

तक्रार केल्यावर तुम्ही कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बन व नायट्रोजनचे प्रमाण; खत कुजताना ते उतरते) 18 असल्याचा दाखला पाठवलात. खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये सिटी कंपोस्टसाठी (शहरी कचऱ्याच्या खतासाठी) ते 20 पेक्षा कमी असावे असे आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण मैलागाळात नत्र मुळातच भरपूर. नुसत्या गाळाचे गुणोत्तर बहुधा 10 च्या आतच असते. त्यात काडीकचरा बेताने मिसळला की पहिल्याच दिवशी, काहीही न कुजता, 18 येऊ शकते. मग या आकड्यावरून खत मुरले हे कसे ठरवलेत?

ढीग 55 अंशांवर तापवला होता, हाही खुलासा आला. त्या उष्णतेने रोगजंतू मरतात, चांगलेच आहे. पण मुळ्या जाळणारा अमोनिया आणि सेंद्रिय आम्ले जायला त्यानंतर ढीग निवून मुरावा लागतो. ते घाईत राहिलेले दिसते. पोत्यातल्या लाकडी ढलप्या तर अजून दाताखाली कडकड वाजतील अशा होत्या.

मी घरीच अळिवाच्या बियांची चाचणी केली. एक भाग खत, दहा भाग डिस्टिल्ड वॉटर, गाळून घेतलेला अर्क आणि टिपकागदावर बी. शेजारी नुसत्या पाण्यातले बी. पाण्यातल्या बियांना लांब मुळे फुटली. तुमच्या अर्कात बरेच बी उगवलेच नाही, उगवले त्याची टोके तपकिरी. उगवण निर्देशांक (पाण्यातल्या बियांच्या तुलनेत अर्कातल्या बियांची उगवण आणि मुळांची लांबी) 80 टक्क्यांच्या वर असेल तर खत रोपांना निर्धोक मानतात. इथे तो निम्म्यालाही पोचला नाही. प्रयोगशाळेची सर माझ्या टिपकागदाला नाही, पण निदान मी चाचणी केली.

या लॉटचा उगवण निर्देशांक, अमोनियम व नायट्रेट यांचे एकमेकांशी प्रमाण आणि खत बंद थर्मॉसमध्ये ठेवल्यावर किती तापते याचा अहवाल मला पाठवावा. खत मैलागाळाचे असल्याने कॅडमियम, शिसे, पारा या जड धातूंचे आकडेही हवेत. माझ्या गावातली द्राक्षे निर्यातीला जातात. उरलेली पोती स्वखर्चाने उचलून न्यावीत आणि खताचे पैसे व मेलेल्या रोपांची किंमत द्यावी.

बिल, लॉटच्या लेबलची प्रत आणि रोपांचे फोटो जोडले आहेत. एक पोते सील न तोडता ठेवले आहे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर कृषी विभागाच्या खत निरीक्षकांना ते पोते दाखवून नमुना घेण्याची विनंती करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक